जास्वंदीची लागवड व जोपासना : फाटे कलमाच्या अंगाने एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत फुलाची रचना शिकविताना विद्यार्थ्याच्या हाती प्रथम जे फूल दिले जाते, ते बहुधा जास्वंदीचे असते. पाच पाकळ्या, नळीप्रमाणे जुळलेले पुंकेसर, त्या नळीतून वर आलेल्या पाच कुक्षी आणि आडवा छेद घेतल्यावर दिसणारे पाच कप्प्यांचे अंडाशय हे सर्व भिंगाशिवायही स्पष्ट दिसते. फूल मोठे असते, बारमाही मिळते आणि आवारातच मिळते. मात्र सपुष्प वनस्पतींचे लैंगिक प्रजनन ज्या फुलावरून शिकविले जाते, त्या फुलाचे झाड स्वतः क्वचितच फळ धरते, ही बाब सहसा सांगितली जात नाही. आपल्याकडील अंगणातील तांबड्या जास्वंदीला बोंड धरलेले पाहण्याचा योग अनेकांना आयुष्यभर येत नाही.

या एका वस्तुस्थितीतून इतिहासाच्या अभ्यासकासमोर वेगळाच प्रश्न उभा राहतो. ज्या झाडाला बी नाही, ते वाऱ्याने, पाण्याने वा पक्ष्यांमार्फत पसरू शकत नाही. त्याची फांदी कोणीतरी तोडावी लागते, दुसऱ्या ठिकाणी न्यावी लागते आणि जगेपर्यंत तिला पाणी घालावे लागते. म्हणजे आशिया खंडातील व त्याबाहेरील बागांत आज दिसणारे जास्वंदीचे जवळजवळ प्रत्येक जुने झुडूप हे आधीच्या एखाद्या झुडपाचा तुकडा आहे. वनस्पतींच्या प्रसाराचा इतिहास आजवर प्रामुख्याने संग्राहक, उद्यानप्रमुख व नामकरण करणारे शास्त्रज्ञ यांच्या नावांनी लिहिला गेला. जास्वंदीच्या बाबतीत ही मांडणी अपुरी पडते. फांदी देणारे आणि मागून नेणारे हेच या झाडाच्या इतिहासाचे खरे कर्ते ठरतात, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्राचीन उल्लेख आणि मूलस्थानाचा प्रश्न

संस्कृत वाङ्मयात जास्वंदीसाठी ‘जपा’ अथवा ‘जवा’ ही नावे येतात. नवग्रहस्तोत्रातील सूर्यस्तुतीत सूर्याला जपापुष्पाची उपमा दिलेली आहे व ती महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही नित्य म्हटली जाते. कालिदासाच्या मेघदूतात संध्याकाळच्या लालीसाठी ताज्या जपापुष्पाचा दाखला येतो. दर्शनग्रंथांत स्वच्छ स्फटिकाजवळ जपापुष्प ठेवले असता स्फटिक तांबडा भासतो, हा दृष्टान्त तर इतका रूढ आहे की लेखकाने ‘तांबडे फूल’ म्हटले की वाचकाने जपा समजावे, अशी स्थिती दिसते. अमरकोशात जपापुष्पाला ‘ओड्रपुष्प’ असा पर्याय दिलेला आहे. ओड्र म्हणजे आजचा ओडिशा. पूर्व किनाऱ्यावरील प्रदेशाचे नाव या फुलाला चिकटावे, ही गोष्ट समुद्रमार्गे पूर्वेकडून आलेल्या झाडाला साजेशी आहे. अर्थात एका नावावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. प्राचीन नाव आणि आधुनिक जाती यांचे समीकरण मांडताना सावधगिरी बाळगावीच लागते.

चिनी साधन मात्र अधिक बोलके आहे. ‘नान-फांग त्साओ-मू च्वांग’ हा दक्षिण चीनमधील वनस्पतींचे वर्णन करणारा ग्रंथ परंपरेने जी हान याच्या नावावर असून त्याचा काळ इ.स. ३०४ सांगितला जातो. उपलब्ध संहिता बऱ्याच उत्तरकाळात संकलित झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात. त्यातील तांबड्या फुलाच्या झुडपाचे वर्णन वाचताना जास्वंदच डोळ्यांसमोर येते. तुतीसारखी पाने, ती चकचकीत व जाड, पाच पाकळ्यांचे गडद लाल फूल, पाकळ्यांपेक्षा लांब असा एकच केसर व त्यावर सोन्याच्या कणांसारखे पराग असे त्याचे स्वरूप ग्रंथकाराने नोंदविले आहे. फूल सकाळी उमलते, सायंकाळी गळते आणि बहर वसंतापासून ऐन हिवाळ्यापर्यंत चालतो, असेही तो सांगतो. याच वर्णनात लागवडीसंबंधी एक अगदी छोटे वाक्य आहे. फांदी खोचली की झाड जगते, एवढाच त्याचा आशय आहे. बियांचा उल्लेख तेथे नाही. जास्वंदीच्या लागवडीची संपूर्ण पद्धत त्या ग्रंथकाराला एवढ्या थोड्या शब्दांत सांगता आली, कारण त्यापलीकडे सांगण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

ही जाती रानात निर्विवादपणे कोठेही आढळलेली नाही. दीर्घकाळ तिचे मूळ चीनमध्ये असल्याचे मानले जाई. अलीकडे पॅसिफिक महासागरातील बेटांवरील जास्वंदवर्गीय जातींचा अभ्यास करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेगळे मत मांडले आहे. वानुआतू व पॉलिनेशिया या भागांतील दोन भिन्न जातींच्या संकरातून ही बागेतील जास्वंद निर्माण झाली असावी, असे ते म्हणतात. हे मत ग्राह्य धरल्यास संकरित झाडाची वंध्यता समजू शकते. शिवाय आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. होड्यांतून बेटामागून बेट पादाक्रांत करणाऱ्या दर्यावर्दी लोकांनी ओल्या वेष्टनात गुंडाळलेल्या फांद्या पश्चिमेकडे आणल्या असणार, आणि त्या चीन व भारताच्या किनाऱ्यांना युरोपीय जहाजे येण्याच्या कितीतरी शतके आधी पोहोचल्या असणार. यांपैकी एकाही खलाशाचे नाव उपलब्ध असण्याची शक्यता नाही.

ग्रंथांतील नोंद आणि नोंद करविणारे

सतराव्या शतकात ही जास्वंद युरोपीय ग्रंथांत आली. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधील गव्हर्नर हेन्ड्रिक फान रेडे याच्या देखरेखीखाली तयार झालेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत ॲमस्टरडॅम येथून प्रसिद्ध झाला. सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती देणाऱ्या या ग्रंथात जास्वंद तिच्या मल्याळम नावाने, म्हणजे ‘चेंपरत्ती’ या नावाच्या डच वळणाच्या रूपाने येते. ग्रंथाची माहिती कोठून आली, याचे लेखी पुरावे ग्रंथातच छापलेले आहेत. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे प्रमाणपत्र त्यात आहे. त्याचबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन वैद्यांचे १६७५ सालचे निवेदन कोकणी भाषेत व नागरी लिपीत छापलेले आहे. गोव्यातून निघून कोचीच्या परिसरात स्थिरावलेल्या कोकणी समाजातील हे वैद्य होते. मराठी व कोकणी वाचकांच्या दृष्टीने या निवेदनाचे मोल मोठे आहे. नागरी लिपीतील मजकूर छापखान्यात उमटल्याच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पूर्ण केले व ते २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत भारतातील बहुसंख्य अध्यापकांना हा ग्रंथ केवळ नावानेच माहीत होता.

याच सुमारास अंबॉन बेटावर राहणाऱ्या रुम्फिउसने या झुडपाला लॅटिनमध्ये ‘उत्सवाचे फूल’ अशा अर्थाचे नाव दिले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७४१ पासून प्रसिद्ध होऊ लागला. लिनिअसने १७५३ मध्ये ‘चीनचा गुलाब’ या जुन्या वर्णनावरून ‘हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस’ हे नाव कायम केले. त्याआधीच, १७३१ मध्ये, लंडनजवळील चेल्सी येथील औषधी वनस्पती उद्यानात फिलिप मिलर हे झाड वाढवीत असल्याची नोंद आढळते. इंग्लंडच्या थंडीत ते उबदार काचघराशिवाय जगणे शक्य नव्हते. भारतात झोपडीसमोर वाढणारे झुडूप तेथे श्रीमंतांच्या काचघरातील चैनीची वस्तू झाले.

लांबच्या सागरी प्रवासात जिवंत फांदी टिकविणे हे त्या काळी कठीण काम होते. खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे वाटेतच मरत. नथॅनिएल वॉर्ड याने तयार केलेल्या बंदिस्त काचपेटीतून १८३३ मध्ये लंडनहून सिडनीला रोपे सुखरूप पोहोचली, तेव्हा ही अडचण बरीचशी दूर झाली. बीविरहित झाडांच्या देवघेवीला या काचपेटीने जेवढी गती दिली तेवढी कोणत्याही राजाज्ञेने दिली नसेल.

परसातील कलम

वसाहतकाळात इंग्रजीत बागकामाची मार्गदर्शक पुस्तके निघू लागली. फर्मिंजर यांचे बंगाल व उत्तर हिंदुस्थानातील बागांवरील पुस्तक १८६३ मध्ये आले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अध्यापन करणारे वुड्रो यांच्या पुस्तकाच्याही अनेक आवृत्त्या निघाल्या. या पुस्तकांचा वाचक बंगल्यात राहणारा व माळी बाळगणारा होता. वाड्याच्या परसात, चाळीच्या गॅलरीत अथवा देवळाच्या आवारात जास्वंद लावणाऱ्यांनी ही पुस्तके वाचली असण्याचा संभव कमी. त्यांच्याजवळचे ज्ञान तोंडी होते आणि ते मुख्यतः स्त्रियांकडे होते. पूजेची फुले काढणे, झाडाला पाणी घालणे व शेजारणीला फांदी देणे ही कामे घरोघर त्याच करीत.

गणपतीला तांबडे फूल प्रिय, या श्रद्धेमुळे महाराष्ट्रात, तर कालीपूजेमुळे बंगालमध्ये, तांबड्या जास्वंदीला रोजची मागणी राहिली. फूल एकच दिवस टिकते. ते साठविता येत नाही व दूरच्या बाजारात नेताना कोमेजते. शेवंती वा झेंडूप्रमाणे जास्वंदीचा मोठा फूलबाजार उभा राहिला नाही, त्याचे कारण येथे सापडते. रोज ताजे फूल हवे असेल तर झाड दाराशीच असले पाहिजे. या गरजेमुळे फांदी एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिली. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर, बदलीच्या गावाहून परतणाऱ्या कुटुंबाबरोबर किंवा देवदर्शनाहून येणाऱ्याच्या पिशवीतून ती गेली. अशा व्यवहाराची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

पद्धत साधी असली तरी तिच्यामागे नेमके निरीक्षण आहे. मृगाचा पाऊस पडला की फांदी लावावी, हा संकेत हवेतील आर्द्रतेशी निगडित आहे. मुळे फुटेपर्यंत फांदीला पाणी शोषता येत नाही, म्हणून पानांतून होणारे बाष्पीभवन कमी असणे आवश्यक असते. फांदी फार कोवळी असेल तर कुजते व फार जून असेल तर मुळे फुटण्यास विलंब लागतो. पेन्सिलीच्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची, सुमारे १० ते १५ सेंटिमीटर लांबीची अर्धवट पक्व फांदी योग्य ठरते. खालचा छेद डोळ्याच्या किंचित खाली तिरपा घेतात. त्यामुळे कोणते टोक मातीत जायचे हे ओळखूही येते. खालची पाने काढून वरची एक-दोनच ठेवतात व ती मोठी असल्यास अर्धी कापतात. साधारणतः चार ते आठ आठवड्यांत मुळे धरतात. फांदी रुजली की नाही हे पाहण्यासाठी ती वारंवार उपटून पाहू नये, हा सल्ला घरोघरी दिला जातो व तो शास्त्रीयदृष्ट्याही बिनचूक आहे, कारण नुकतीच फुटलेली मुळे अत्यंत ठिसूळ असतात.

पुढील जोपासनेतही असाच विचार दिसतो. कळ्या नव्या फुटीवर येतात. त्यामुळे रोज फुले तोडल्यापेक्षा वर्षातून एकदा नीट छाटणी केल्याचा झाडाला अधिक लाभ होतो. ऊन भरपूर लागते आणि पाणीही लागते, परंतु मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. कळ्या उमलण्यापूर्वीच गळू लागल्या तर पाण्याचा ताण, अतिरेकी पाणी किंवा कीड यांपैकी कारण शोधावे लागते. शेणखत पुरेसे होते. नत्रयुक्त खत अधिक झाल्यास पाने दाट व कोवळी येतात, फुले घटतात आणि किडीला निमंत्रण मिळते.

संकरित वाण आणि रोपवाटिकेचा व्यापार

सर्वच जास्वंदी वंध्य नाहीत. दुसऱ्या सुपीक जातींशी संकर केल्यास बी धरू शकते, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॉरिशसमध्ये चार्ल्स टेल्फेअर यांच्या प्रयोगांतून दिसून आले. त्यांनी मास्करीन बेटांवरील हिबिस्कस लिलिफ्लोरसशी संकर घडविले. विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई बेटांवर या कामाला छंदाचे व नंतर व्यवसायाचे रूप आले. तेथील स्थानिक पांढऱ्या जास्वंदीचाही संकरात उपयोग झाला. हवाईने १९२३ मध्ये जास्वंद हे अधिकृत फूल ठरविले. परदेशी संकरित फुलालाच लोक राज्याचे फूल समजू लागल्यावर, १९८८ मध्ये, स्थानिक पिवळी जास्वंद म्हणजे हिबिस्कस ब्रॅकनरिजिआय हीच अधिकृत असल्याचे तेथे कायद्याने स्पष्ट करावे लागले. मलेशियाने १९६० मध्ये तांबडी जास्वंद राष्ट्रीय फूल म्हणून स्वीकारली.

भारतातील अलीकडच्या व्यापारात पुण्याच्या परिसरातील रोपवाटिकांना विशेष स्थान आहे. कोलकात्याच्या बाजारात मोठ्या, बहुरंगी फुलांच्या कुंडीतील जास्वंदी ‘पुणे व्हरायटी’ या नावानेच विकल्या जातात. कालीपूजेच्या प्रदेशात महाराष्ट्रातील शहराचे नाव जास्वंदीच्या वाणाला लागावे, ही लक्षणीय घटना आहे. व्यापारातील अशी झाडे ठेंगणी व कळ्यांनी भरलेली ठेवण्यासाठी वाढनिरोधक संजीवकांचा वापर होतो, आणि त्यांचा परिणाम ओसरला की झाड एकदम उंच व विरळ वाढते. कोकोपीटमध्ये वाढविलेले रोप घरी आणून तसेच ठेवले तर ते अनेकदा दगावते. खरेदीदार आपल्या हाताला दोष देतो आणि पुढील हंगामात नवे रोप विकत घेतो.

पिठ्या ढेकूण : फांदीबरोबर गेलेला प्रवासी

फांदीबरोबर कीडही प्रवास करते. जास्वंदीवरील गुलाबी पिठ्या ढेकणाचे शास्त्रीय वर्णन ग्रीन यांनी १९०८ मध्ये भारतातील नमुन्यांवरून केले. या किडीच्या लाळेतील विषारी द्रव्यामुळे शेंडे आखडतात, पाने गोळा होऊन गुच्छासारखी दिसतात व कळ्या उमलत नाहीत. १९९४ मध्ये ही कीड कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर आढळली आणि काही वर्षांतच आसपासच्या अनेक बेटांवर पसरली. ग्रेनाडातील कुंपणे जास्वंदीची होती, त्यामुळे तिला सलग मार्ग मिळाला. प्रारंभी झाडे तोडून जाळण्यात आली, फवारण्याही झाल्या, पण कीड आटोक्यात आली नाही. अखेरीस चीनमधून आणलेली ॲनागायरस कमाली ही सूक्ष्म परजीवी गांधीलमाशी व क्रिप्टोलेमस हा परभक्षी भुंगेरा यांच्या साहाय्याने तिचा जोर ओसरला. आपल्याकडे ही कीड इतका हाहाकार माजवीत नाही, कारण तिचे नैसर्गिक शत्रू येथे आधीपासून आहेत. विषारी फवारणीने हेच शत्रू प्रथम मरतात, ही गोष्ट परसबागेत कीटकनाशकाची बाटली सहज हाती घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावयास हवी.

क्रिप्टोलेमसचा इतिहास स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा भुंगेरा १८९८ मध्ये कॉफीवरील खवले किडीचा नायनाट करण्यासाठी भारतात आणण्यात आला. त्या कामी तो फारसा उपयोगी पडला नाही. मात्र तो येथे टिकला, आणि पुढे नाशिक व सांगली भागातील द्राक्षबागायतदारांच्या तो परिचयाचा झाला, कारण जास्वंदीवरील तोच गुलाबी पिठ्या ढेकूण द्राक्षाच्या घडांतही शिरतो. जास्वंद, भेंडी व अंबाडी या एकाच कुळातील वनस्पती या किडीच्या पर्यायी यजमान आहेत. बांधावरील दुर्लक्षित जास्वंद बागायतदाराच्या उत्पन्नाशी जोडलेली आहे, ती अशी.

घरगुती पातळीवर उपाय मर्यादित पण परिणामकारक आहेत. आखडलेले शेंडे कापून नष्ट करावेत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कीड धुऊन काढावी व गरज वाटल्यास सौम्य साबणाचे पाणी वापरावे. मुंग्यांचा बंदोबस्त याहून महत्त्वाचा आहे. किडीने स्रवलेला गोड चिकटा खाण्यासाठी मुंग्या येतात व त्या बदल्यात तिच्या शत्रूंना हुसकावतात. मुंग्यांची रांग तोडली की भुंगेऱ्यांचे काम सोपे होते. दुसऱ्याच्या बागेतून फांदी आणताना पानांचे बगल व डोळे तपासून पाहणे ही या शतकातील नवी गरज आहे.

जुन्या वाणांची स्थिती

बियांपासून वाढणाऱ्या पिकाचा जुना वाण बीजपेढीत साठवून ठेवता येतो. जास्वंदीच्या बाबतीत ही सोय नाही. जुने घर पाडताना परसातील झुडूप उपटले गेले आणि त्याची फांदी कोणी नेलेली नसली, तर तो वाण तेथेच संपतो. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहण्याच्या काळात शहरांतून असे किती वाण गेले, याची मोजदाद झालेली नाही. एकेरी तांबडी, दुहेरी तांबडी, फिकट गुलाबी, पिवळसर, झालरीच्या पाकळ्यांची लोंबती अशी वर्णने जुन्या पिढीच्या बोलण्यात येतात. त्यांपैकी कोणते वाण परस्परांची कलमे आहेत व कोणते खरोखर भिन्न आहेत, हे गुणसूत्रांच्या व जनुकीय तपासणीवाचून सांगता येणार नाही. बागेतील जास्वंदींमध्ये गुणसूत्रसंख्येची तफावत फार मोठी असल्याने हा तपास वनस्पतिशास्त्र विभागांसाठी आव्हानात्मक ठरेल.

इतिहास विभागांनाही येथे काम आहे. एखाद्या झुडपाची फांदी कोठून, कोणाकडून व कोणत्या वर्षी आली, ही माहिती अद्याप वयोवृद्ध व्यक्तींच्या स्मरणात आहे. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने ती टिपून घेणे शक्य आहे व त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. सार्वजनिक उद्यानांतील पाटीवर झाडाचे लॅटिन नाव व कूळ दिलेले असते, पण त्याची फांदी देणाऱ्या घराचा वा गावाचा उल्लेख नसतो.

रोपवाटिकांत नाजूक संकरित वाणांचा डोळा काटक देशी जास्वंदीच्या खुंटावर भरण्याची पद्धत आहे. अशा झाडाकडे दुर्लक्ष झाले, तर जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे जोमाने वर येतात व काही हंगामांत वरचा महागडा वाण दबून जातो. म्हणून असे फुटवे दिसताच मुळापासून काढावेत, असा सल्ला रोपवाटिकाचालक देतात. ते फुटवे न फेकता मृगाच्या पावसात वेगळे लावले, तर त्यांपासून देशी जास्वंदीचे स्वतंत्र झुडूप तयार होते.